ठिणगीची स्वायत्तता : जुन्या हलक्या विमानांच्या आधुनिकीकरणाचा प्रतिवाद

जुन्या हलक्या विमानांच्या देखभालीचा विषय निघाला की एक मत हमखास मांडले जाते आणि दिवसेंदिवस त्याला मान्यताही मिळू लागली आहे. साधारणतः 1930 ते 1970 या काळात बांधलेल्या, दोन-चार आसनांच्या व पिस्टन-इंजिनावर चालणाऱ्या विमानांची प्रज्वलन-यंत्रणा आणि विद्युत-यंत्रणा कालबाह्य झाली आहे, म्हणून ती धोकादायक आहे, आणि ही विमाने उडत ठेवायची असतील तर त्यांतील मॅग्नेटोच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन, जनरेटरच्या जागी अल्टरनेटर आणि शिशाच्या बॅटरीच्या जागी लिथियम बॅटरी बसवलीच पाहिजे, असे या मताचे सार आहे. त्याला हरकत घेणारे मालक व तंत्रज्ञ केवळ भावनेपोटी जुन्याला चिकटून बसतात, असा आरोपही त्यासोबत येतो. प्रस्तुत लेखात या मताचे खंडन करावयाचे आहे. नव्या साधनांना येथे विरोध नाही. ती साधने ज्या कसोटीवर निवडली जातात ती कसोटी चुकीची आहे, एवढेच दाखवायचे आहे. एखादा भाग निकामी झाल्यावर आपल्याबरोबर आणखी काय काय बंद पाडतो, हा जुन्या विमानाच्या बाबतीतला मूळ प्रश्न आहे, आणि नेमका तोच प्रश्न हे मत विचारत नाही.

या मताचा पहिला रोख मॅग्नेटोवर असतो, म्हणून मॅग्नेटोचे कार्य आधी नीट समजून घेतले पाहिजे. इंजिनाच्या दातेरी चाकांवर फिरणारे ते एक छोटे जनित्र असते. त्यातील कायमचुंबक फिरू लागला की शेजारच्या तारेच्या प्राथमिक वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. ठरलेल्या क्षणी संपर्कबिंदू, म्हणजे कारागिरांचे ‘पॉइंट’, उघडतात, प्रवाह एकाएकी तुटतो आणि अनेक पट अधिक वेढे असलेल्या दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. या साऱ्या क्रियेत बॅटरीचा संबंध कोठेही येत नाही. इंजिन फिरत आहे तोवर ठिणगी पडत राहते, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग व प्रत्येक इंजिनाला दोन मॅग्नेटो असल्यामुळे त्यांतला एक बंद पडला तरी, थोडी शक्ती गमावून का होईना, इंजिन चालत राहते. वैमानिकाच्या हातातला स्विच मॅग्नेटोला वीज पुरवीत नाही. प्राथमिक वेटोळे विमानाच्या सांगाड्याशी जोडून ठिणगी थांबवणे एवढेच त्याचे काम असते. ती जोडणारी तार तुटली तर मॅग्नेटो बंद होण्याऐवजी चालूच राहतो. उभ्या विमानाचा पंखा हाताने फिरवणाऱ्याच्या जिवावर हा दोष बेतू शकतो, पण हवेत असलेल्या माणसाचे इंजिन त्यामुळे थांबत नाही. धोका कोणत्या बाजूला राहू द्यावा याचा निर्णय रचनाकारांनी येथे जाणूनबुजून घेतलेला आहे, आणि जमिनीवरच्या धोक्याची काळजीही त्यांनी वाऱ्यावर सोडलेली नाही. टायगर मॉथ विमानात मॅग्नेटोचे स्विच कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला असतात ते पंखा फिरवणाऱ्यालाही दिसावेत म्हणूनच.

पाइपर जे-3 कब हे विमान 1938 ते 1947 या काळात हजारोंच्या संख्येने बांधले गेले आणि त्यांतील बहुसंख्य विमानांत कॉन्टिनेन्टल कंपनीचे 65 अश्वशक्तीचे ए-65 इंजिन होते. त्या विमानात बॅटरी नव्हती, जनरेटर नव्हता, स्टार्टरही नव्हता. 130 अश्वशक्तीच्या जिप्सी मेजर इंजिनावर उडणाऱ्या टायगर मॉथने ब्रिटिश साम्राज्यभर, भारतातही, वैमानिकांच्या एका पिढीला शिकवले तेही विद्युत-यंत्रणेवर विसंबून नव्हे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू धावपट्टीवर उतरले, त्या पुस मॉथमध्ये रेडिओ नव्हता, पण त्याच्या जिप्सी इंजिनाला दोन मॅग्नेटो होते. विजेची सोय या विमानांत पुढे येत गेली ती दिव्यांसाठी, रेडिओसाठी आणि सुरुवातीच्या धक्क्यासाठी. इंजिनाचे चालणे तिच्यावर कधीच अवलंबून ठेवले गेले नाही. या रचनेला मागासलेपण म्हणणे म्हणजे तिचा हेतूच न वाचणे होय.

प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा असा, की मॅग्नेटो हे झिजणारे यंत्र आहे. त्याचे पॉइंट जळतात, ठिणगीचे वाटप करणारा कार्बनचा ब्रश झिजतो, वेटोळ्याचे आवरण ओलाव्याने व उष्णतेने कमजोर होते, आणि इंजिन सुरू होताना ठिणगी उशिरा व जोराने पाडणाऱ्या स्प्रिंगच्या जोडणीत, जिला इम्पल्स कपलिंग म्हणतात, बिघाड झाला तर इंजिन उलट धक्का देते. म्हणूनच मॅग्नेटो साधारण 500 तासांनी उघडून तपासावा, अशी शिफारस असते. शिवाय मॅग्नेटोची ठिणगी क्रँकशाफ्टच्या एका ठरावीक अंशावरच पडते, तर इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन उंचीवर आणि कमी भारावर ती आधी पाडून इंधन वाचवू शकते. त्यात घासणारा संपर्कही नसतो. हे सारे खरे आहे आणि त्यातले काहीही नाकारण्याचे कारण नाही.

मात्र या मुद्द्यातून निघणारा निष्कर्ष चुकतो, कारण त्यात दोन सुट्या भागांची तुलना होते, दोन यंत्रणांची होत नाही. मॅग्नेटो एकटा मरतो. बॅटरीवर चालणारे प्रज्वलन मात्र बॅटरी, तिची जोडणी, मुख्य रिले, अल्टरनेटर, रेग्युलेटर आणि सांगाड्याशी केलेले अर्थिंग या सगळ्यांच्या आयुष्याशी आपले आयुष्य बांधून घेते. असे दोन संच बसवले तरी दोघांचा पुरवठा एकच असेल तर ते दोन राहत नाहीत. एकाच कारणाने दोन्ही रक्षक एकदम पडण्याच्या या प्रकाराला अभियंते समान-कारण बिघाड म्हणतात. 2007 मध्ये जर्मनीतील श्पायर येथे डायमंड डीए-42 या दोन डिझेल इंजिनांच्या, त्या वेळी नव्याच रचनेच्या विमानाचे जे झाले ते याचे स्पष्ट उदाहरण आहे. विमानाची बॅटरी उतरलेली होती, म्हणून बाहेरच्या विजेचा आधार घेऊन ते सुरू करण्यात आले. उड्डाणानंतर चाके आत घेताना वीज खेचली जाताच दाब क्षणभर घसरला, इंजिनांचे नियंत्रण करणारे संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाले, आणि तेवढ्या अवधीत दोन्ही पंख्यांची पाती वाऱ्याच्या रेषेत वळून दोन्ही इंजिने थांबली. प्रत्येक इंजिनाला दोन-दोन नियंत्रण-संच होते. त्यांतला एकही संच सदोष नव्हता. दोष त्यांच्या सामाईक पुरवठ्यात होता.

नव्या इंजिनांचे जाणते रचनाकार हा धडा विसरलेले नाहीत. 1989 पासून विकल्या जाणाऱ्या रोटॅक्स 912 या इंजिनात पॉइंट नाहीत, मॅग्नेटोची जुनी घडण नाही, प्रज्वलन पूर्णतः इलेक्ट्रॉनिक आहे. पण त्याच्या दोन्ही संचांना वीज मिळते ती इंजिनातच बसवलेल्या स्वतंत्र वेटोळ्यांतून, त्यामुळे बॅटरी काढून टाकली तरी चालते इंजिन थांबत नाही. पुढे याच कंपनीने इंधन-फवारणीची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती आणली तेव्हा तिला दोन वेगळी जनित्रे द्यावी लागली. याउलट काही लायकमिंग इंजिनांत, उदाहरणार्थ 1970 च्या दशकाच्या अखेरीस सेस्ना 172 मध्ये बसवलेल्या ओ-320-एच-2-ए-डी मध्ये, दोन्ही मॅग्नेटो एकाच पेटीत आणि एकाच दांड्यावर ठेवण्यात आले. तंत्र जुनेच राहिले, पण एक दांडा किंवा पेटीची एक पकड सैल झाली की दोन्ही ठिणग्या एकदम जाण्याची वाट उघडली. या दोन उदाहरणांत नवे तंत्र कसोटीला उतरते आणि जुने उतरत नाही, यावरून प्रस्तुत आक्षेपाचा नव्या-जुन्याशी संबंध नाही हे स्पष्ट व्हावे. जुन्या इंजिनावर एका बाजूला इलेक्ट्रॉनिक संच आणि दुसऱ्या बाजूला मॅग्नेटो ठेवणे हा म्हणूनच समंजस बदल आहे. दोन्ही बाजू बॅटरीच्या स्वाधीन करणे हा नाही, मग त्या संचाचे प्रयोगशाळेतले आयुष्य कितीही मोठे असो.

वय म्हणजे धोका हे समीकरण तर अधिकच कच्चे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2017 मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, 2011 ते 2015 या काळात इंधनाच्या व्यवस्थापनातील चुकांमुळे तेथील सामान्य विमानचालनात दरवर्षी सरासरी 50 हून अधिक अपघात झाले, आणि त्यांत टाकी रिकामी होण्याचे प्रमाण मोठे होते. लहान कॉन्टिनेन्टल इंजिनांच्या कार्ब्युरेटरमध्ये दमट हवेत बर्फ धरतो, हाही इंजिन बंद पडण्याचा जुना व परिचित मार्ग आहे. यांपैकी कशावरही नवे प्रज्वलन हा उपाय नाही. टाकीतल्या फ्लोटची तपासणी आणि कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या झडपेची दुरुस्ती यांवर खर्च व्हायला हवा तो पैसा दिखाऊ साधनांवर खर्च होतो, ही या चर्चेतली खरी हानी आहे.

जनरेटर आणि अल्टरनेटर यांच्या बाबतीत प्रतिपक्षाची बाजू अधिक बळकट आहे, परंतु तेथेही हिशेब पूर्ण मांडला जात नाही. जुना जनरेटर कम्युटेटर व ब्रश यांच्या साह्याने एकदिशा प्रवाह देतो, इंजिन मंद असताना तो जवळजवळ काहीच देत नाही आणि वजनाने जड असतो. अल्टरनेटर कमी फेऱ्यांवरही पुरेशी वीज देतो. मात्र जनरेटरच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वामुळे तो रिकाम्या बॅटरीवरही स्वतःहून जागा होतो, तर सामान्य अल्टरनेटरला आपले चुंबकक्षेत्र उभे करण्यासाठी बाहेरून थोडी वीज लागते, म्हणून बॅटरी पुरती उतरलेली असेल आणि इंजिन हाताने सुरू केले असेल तर तो निष्क्रिय राहू शकतो. हाताने पंखा फिरवून विमान सुरू करण्याची सवय असलेल्या मालकाला हा फरक आधी सांगितला गेला पाहिजे. त्या काळातल्या लहान विमानांचे अनेक जनरेटर 12 ते 35 अँपिअर इतकेच देत, आणि सततचा भार जनित्राच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या आत ठेवावा हा अमेरिकी विमानचालन प्रशासनाच्या मार्गदर्शिकेतला संकेत लावला तर 12 अँपिअरच्या जनरेटरवर 10 अँपिअरसुद्धा सतत घेता येत नाहीत. 100 वॅटचा जुना लँडिंग लाइट एकटाच सुमारे 8 अँपिअर खातो. त्याच्या जागी एलईडी दिवा बसवणे हा या साऱ्या क्षेत्रातला सर्वांत निर्दोष बदल म्हणावा लागेल, कारण तो भार कमी करतो आणि बिघडला तर फक्त स्वतःच विझतो. लिथियम बॅटरीचे तसे नाही. ती हलकी असते, पण उतरलेल्या अवस्थेत मिळेल तेवढा प्रवाह खेचून घेते, आणि प्रवाहाला लगाम घालणारा रेग्युलेटर थकलेला असेल तर लहान जनरेटर तापून जळतो. शिवाय शेपटीकडे ठेवलेल्या बॅटरीचे वजन घटले की विमानाचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि वजन-समतोलाचा कागद नव्याने मांडावा लागतो. एक बदल असा दुसऱ्याला ओढून आणतो. जुन्या इंजिनाच्या उघड्या प्लग-तारा रेडिओत खरखर आणतात, म्हणून रेडिओ बसवला की तारांना धातूच्या जाळीचे आवरण आणि त्याला जुळणारे प्लग येतात. अमेरिकेत तर मुळात इंजिनावर चालणारे जनित्र नसलेल्या विमानांना आपले स्थान प्रसारित करणारे एडीएस-बी उपकरण बसवण्यातून सूट आहे, आणि नंतर असे जनित्र प्रमाणित करून बसवले की ती सूट जाते.

तारांच्या बाबतीत मात्र प्रतिपक्षाशी पूर्णतः सहमत व्हावे लागते, आणि मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांना तेवढेच ठामपणे नाकारावे लागते. रबर आणि सुती विणीचे आवरण ठिसूळ होऊन गळते, पीव्हीसीचे आवरण जळताना विषारी हायड्रोजन क्लोराइड सोडते, पाइपर कंपनीच्या काही विमानांतल्या बॅटरीच्या ॲल्युमिनिअम केबलींची टोके गंजून स्टार्टरला पुरेशी वीज पोहोचू देत नाहीत, आणि पोलादी नळ्यांच्या सांगाड्यालाच परतीची वाट मानणाऱ्या विमानांत गंजलेले अर्थिंग अनाकलनीय बिघाड घडवते. अशा तारा ऐतिहासिक म्हणून जपण्यात कसलीही निष्ठा नाही. त्या काढून नवे आवरण असलेल्या तारा, क्रिम्प केलेली टोके आणि योग्य मापाचे सर्किट ब्रेकर बसवणे हे कर्तव्य आहे. तरीही सगळे एकदम उचकटण्याच्या उत्साहाला एक अनुभव आवरतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाच्या कोस्टल कमांडमध्ये काम करणारे शास्त्रज्ञ कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन यांना असे आढळले, की ठरावीक तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाडांचे प्रमाण वाढते आणि मग हळूहळू उतरते. म्हणजे तपासणीत झालेली हाताळणीच काही बिघाड जन्माला घालत होती. चांगल्या अवस्थेतल्या तारांच्या जुडग्यात हात घालणे हीसुद्धा एक जोखीम आहे आणि तिचेही कारण द्यावे लागते.

इंजिनाच्या गाभ्यातील बदलांनाही हीच कसोटी लागू होते आणि तेथे ती अधिक फलदायी ठरते. कॉन्टिनेन्टल सी-85 या 188 घनइंचांच्या इंजिनात त्याच कुटुंबातल्या ओ-200 चा लांब फेरा असलेला क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड व पिस्टन बसवण्याची मान्यताप्राप्त सुधारणा आहे. तिच्यामुळे आकारमान 201 घनइंचांवर जाते, कमी फेऱ्यांवर पंख्याला अधिक बळ मिळते, आणि तेलाची, ठिणगीची वा इंधनाची कोणतीही यंत्रणा दुसऱ्या कशावर नव्याने अवलंबून होत नाही. केवळ अश्वशक्तीचा आकडा पाहणाऱ्याला मात्र येथे चकवा बसतो. सी-90 आणि ओ-200 यांचे आकारमान सारखेच असून पहिल्याची शक्ती 90 व दुसऱ्याची 100 अश्वशक्ती आहे, पण ती 100 अश्वशक्ती मिळवायला ओ-200 ला 2750 फेऱ्या घ्याव्या लागतात, आणि तेवढ्या फेऱ्यांवर लांब पंखा चालवता येत नाही. संथ, रुंद पंखांच्या विमानाला कमी फेऱ्यांवर लांब पंखा फिरवणारे सी-90 बहुधा अधिक उपयोगी पडते. 1958 मध्ये प्रथम उडालेल्या आणि नंतर भारतभरच्या फ्लाइंग क्लबांना पुरवल्या गेलेल्या हिंदुस्तान पुष्पक या विमानाला हेच सी-90 होते. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली रचलेल्या आणि 1951 मध्ये प्रथम उडालेल्या एचटी-2 ची गोष्ट वेगळी. त्याचे 155 अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन बनवणेच थांबले, तेव्हा काही विमानांत लायकमिंगचे 160 अश्वशक्तीचे इंजिन बसवले गेले. सुटे भाग मिळेनासे झालेले इंजिन बदलणे हे रास्त कारण आहे, आणि नव्या इंजिनालाही दोन मॅग्नेटो होते.

वयाचा दोष म्हणून जे सांगितले जाते त्यातले बरेचसे प्रत्यक्षात इंधनाचे देणे आहे. ए-65 ची रचना 73 ऑक्टेनच्या आणि सी-90 ची 80 ऑक्टेनच्या इंधनासाठी झाली होती. 80 ऑक्टेनच्या विमान-पेट्रोलमध्ये लिटरमागे कमाल 0.14 ग्रॅम शिसे असे. आज मिळणाऱ्या 100 एलएलमध्ये ही मर्यादा 0.56 ग्रॅम, म्हणजे चौपट आहे. कमी दाबाच्या आणि थंड चालणाऱ्या इंजिनात हे शिसे पुरते बाहेर न पडता प्लगांवर व झडपांच्या दांड्यांवर साचते, प्लग ठिणगी चुकवतात, झडपा अडकतात, आणि दोष मॅग्नेटोच्या माथी मारला जातो. अमेरिकेत एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनने 1982 मध्ये सेस्ना 150 साठी मोटारीच्या शिसेरहित पेट्रोलची मान्यता मिळवली ती याच कारणाने महत्त्वाची होती, परंतु ती इथेनॉलमुक्त पेट्रोलपुरतीच आहे; इथेनॉल जुने रबर खाते आणि पाणी धरून ठेवते. भारतात पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जात असल्याने पेट्रोल पंपावरचे इंधन हा मार्ग येथील जुन्या विमानांना बंद आहे, आणि प्लग वेळेवर साफ करणे, मिश्रण नीट विरळ करणे, झडपांच्या मार्गिका तपासणे हाच येथला व्यवहार्य उपाय राहतो.

राहिला नियमांचा प्रश्न. प्रमाणित विमानातला मोठा बदल पूरक प्रकार-प्रमाणपत्राखाली, म्हणजे मूळ रचनेला जोडून मिळणाऱ्या मान्यतेखाली केला जातो, आणि तो कागद हाती आला की बदल सुरक्षित ठरला असे प्रतिपक्ष गृहीत धरतो. प्रत्यक्षात अशा प्रमाणपत्रांवरच अट असते, की विमानात आधी झालेल्या इतर बदलांशी हा बदल जुळतो की नाही हे बसवणाऱ्याने ठरवावे. प्रत्येक बदल सुटा तपासला जातो. त्यांची एका विशिष्ट विमानातली बेरीज कोणीही तपासलेली नसते. अमेरिकी प्रशासनाने 2022 मध्ये 1980 पूर्वीच्या लहान विमानांसाठी साधे पर्यायी भाग वापरण्याची सोपी वाट खुली केली, तीही निकामी झाल्यास विमान संकटात न येणाऱ्या भागांपुरतीच. नियमाने येथे नेमकी हीच कसोटी स्वीकारली आहे.

म्हणून मालकांना, त्यांच्या देखभाल-अभियंत्यांना आणि नागरी विमानचालन महासंचालनालयाला एवढेच आवाहन आहे, की जुन्या विमानातल्या प्रत्येक विद्युत वा इंजिन-बदलाच्या कागदपत्रांसोबत आणखी एक पान जोडले जावे आणि त्यावर चार गोष्टी साध्या भाषेत लिहिल्या जाव्यात : हा भाग निकामी झाला तर त्याच्याबरोबर काय बंद पडेल, काय चालू राहील, वैमानिकाला ते कशावरून कळेल, आणि कळल्यावर त्याच्या हाती किती वेळ असेल. ज्या बदलाच्या बाबतीत हे पान भरता येत नाही, तो त्या विमानात करू नये.